अमेरिकेत कॉलेजकडून खेळायचंय? नववीपासून पहिल्या सेमिस्टरपर्यंतची तयारी

मुलगा किंवा मुलगी हायस्कूलच्या टीममध्ये चमकायला लागली आणि कोच म्हणाले, "ही कॉलेजला खेळू शकेल," की घरातली सगळी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते: स्कॉलरशिप मिळेल का? माझी मुलगी हायस्कूलला क्रॉस-कंट्री आणि ट्रॅक करायची, आता कॉलेजकडून धावते. हे सगळं जवळून बघितल्यावर मला ठामपणे वाटतं, की टीममध्ये जागा मिळणं हा यातला लहान भाग आहे. ऑगस्टमध्ये तुम्ही मुलांना कॅम्पसवर सोडून घरी परतता. त्यानंतरचे चार महिने ती कशी काढतात, यावर पुढचं बरंच काही ठरतं. त्या चार महिन्यांची तयारी नववीपासून करता येते, आणि ती बहुतेक मुलांनी स्वतः करायची असते. म्हणून हा लेख मुलांसोबत बसून वाचलात तर उत्तम.

१. आधी पातळ्या समजून घ्या

कॉलेज खेळांची सगळ्यात मोठी संस्था एनसीएए. तिच्या तीन डिव्हिजन आहेत. त्याशिवाय लहान कॉलेजांची एनएआयए आणि दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांची एनजेसीएए. हायस्कूलला खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी साधारण सहा-सात जण एनसीएएच्या कुठल्या ना कुठल्या टीमपर्यंत पोचतात, आणि डिव्हिजन वनपर्यंत जेमतेम दोन. डिव्हिजन वन आणि टू खेळासाठी स्कॉलरशिप देऊ शकतात. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी पैसे मिळत नाहीत, पण अभ्यासावर आणि घरच्या उत्पन्नावर मिळणारी मदत चांगली असू शकते. आयव्ही लीग डिव्हिजन वनमध्ये असूनही खेळाची स्कॉलरशिप देत नाही, हे अनेकांना माहीत नसतं.

जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या 'हाउस' खटल्यातली तडजोड कोर्टाने मंजूर केली आणि गणित बदललं. जी कॉलेजं या व्यवस्थेत सामील झाली, तिथे स्कॉलरशिपच्या संख्येवरची मर्यादा गेली आणि त्याऐवजी टीममध्ये एकूण किती खेळाडू असावेत यावर मर्यादा आली. टेनिससाठी ती १० आहे. म्हणजे "आधी वॉक-ऑन (स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये येणारा खेळाडू) म्हणून शिरू, मग बघू" हा जुना रस्ता अशा ठिकाणी खूप अरुंद झाला आहे. व्हिजिटला गेलात की हा प्रश्न थेट विचारा.

आपली मुलं नेमकी कुठे बसतात, हे कळायला कुठल्याही सल्लागाराची गरज नाही. ज्या कॉलेजचा विचार चालू आहे त्याच्या कॉन्फरन्सच्या (एकमेकांविरुद्ध खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या) चॅम्पियनशिपचे मागच्या वर्षीचे निकाल उघडा आणि आपल्या मुलीची आजची वेळ तिथे कितव्या नंबरवर आली असती ते शोधा. पहिल्या आठात आली असती, तर कोच उत्तर देतील. पन्नासावी आली असती, तर ते कॉलेज यादीत ठेवा, पण एकटं नको. माझं स्पष्ट मत आहे, की चार वर्षं बाकावर बसून डिव्हिजन वनचा टी-शर्ट घालण्यापेक्षा दर शनिवारी खेळायला मिळणारी डिव्हिजन थ्री टीम बहुतेक मुलांसाठी चांगली.

२. नववीतच कोर कोर्सेसची यादी तपासा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि तो बारावीत लक्षात येतो, म्हणून इथे थोडा वेळ काढतो.

डिव्हिजन वन आणि टूसाठी १६ कोर कोर्सेस, म्हणजे एनसीएए पात्रतेसाठी मोजते ते हायस्कूलचे मुख्य विषय, लागतात. डिव्हिजन वनची वाटणी अशी: इंग्लिश ४ वर्षं, गणित ३ वर्षं (अल्जिब्रा वन किंवा त्यापुढचं), विज्ञान २ वर्षं, या तिन्हींपैकी कशाचंही आणखी १ वर्ष, सोशल सायन्स २ वर्षं, आणि उरलेली ४ वर्षं यांतूनच किंवा परकीय भाषा, तत्त्वज्ञान, धर्म अशा विषयांतून. कोर कोर्सेसचा जीपीए (ग्रेड्सची सरासरी) डिव्हिजन वनला किमान २.३, डिव्हिजन टूला २.२.

२.३ ऐकून आपल्याकडचे पालक निर्धास्त होतात. आपल्या मुलांची अडचण जीपीएची नसतेच, ती यादीची असते. शाळेत शिकवला जाणारा प्रत्येक विषय एनसीएएला चालत नाही. प्रत्येक हायस्कूलची मान्य कोर्सेसची यादी एनसीएएच्या इलिजिबिलिटी सेंटरच्या (खेळाडूंची पात्रता तपासणाऱ्या विभागाच्या) वेबसाइटवर असते. शाळेचं नाव घालून ती शोधा आणि मुलाच्या ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर) कोर्सचं जे नाव छापलंय, तेच नाव यादीत आहे का ते अक्षरशः बोट ठेवून बघा. ऑनलाइन कोर्स आणि उन्हाळ्यात केलेला क्रेडिट रिकव्हरी कोर्स (नापास झालेला विषय भरून काढणारा) यांची खास खात्री करा.

डिव्हिजन वनचा दुसरा सापळा म्हणजे १०-७ चा नियम. १६ पैकी १० कोर्सेस बारावी सुरू होण्याआधी पूर्ण व्हायला हवेत, आणि त्यातले ७ इंग्लिश, गणित, विज्ञान यांतले. या दहा कोर्सेसच्या ग्रेड्स तिथेच गोठतात. बारावीत त्यातला एखादा कोर्स परत करून ग्रेड सुधारली, तरी ती धरली जात नाही.

आठवीत अल्जिब्रा वन केलेल्या मुलांसाठी: तो कोर्स मोजला जाऊ शकतो, पण हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर ग्रेड आणि क्रेडिटसह दिसायला हवा. आठवीतून नववीत जाताना काउन्सेलरला हे विचारून घ्या.

मधल्या इयत्तेत भारतातून आलेल्या मुलांची नववीपासूनची सगळी गुणपत्रकं आणि बोर्डाची प्रमाणपत्रं लागतात. ती मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतरही जोडावं लागतं. इथे आल्यावर "जरा रुळू दे" म्हणून मुलाला परत एका इयत्तेत बसवणारी कुटुंबं आहेत. तसं करण्याआधी इलिजिबिलिटी सेंटरला विचारा. नववी सुरू झाली की घड्याळ सुरू होतं आणि कोर कोर्सेस ठरलेल्या वेळेतच संपवावे लागतात.

एसएटी किंवा एसीटी आता एनसीएएच्या पात्रतेसाठी लागत नाही. २०२३ मध्ये ती अट काढून टाकली. कॉलेज प्रवेशासाठी मात्र मागू शकतं.

३. कागदपत्रांची फाइल उघडा

दहावीत एक फोल्डर करा आणि त्याची जबाबदारी मुलांकडे द्या. त्यात हवं ते असं:

- इलिजिबिलिटी सेंटरचं खातं. सुरुवातीला फुकटचं प्रोफाइल पुरतं. डिव्हिजन वन किंवा टूचं नक्की व्हायला लागलं की पैसे भरून सर्टिफिकेशन खातं करायचं.
- शिकलेल्या प्रत्येक हायस्कूलचं ट्रान्सक्रिप्ट. ते शाळेनेच थेट पाठवायचं असतं, तुम्ही ईमेल केलेली प्रत चालत नाही. बारावीनंतर पदवीची नोंद असलेलं अंतिम ट्रान्सक्रिप्ट पुन्हा पाठवावं लागतं. शाळेचं ऑफिस उन्हाळ्यात बंद व्हायच्या आत ते सांगून ठेवा.
- खेळातून मिळालेल्या प्रत्येक डॉलरची नोंद: बक्षीस, स्पॉन्सरचं सामान, क्लबने दिलेला खर्च. टेनिस आणि गोल्फ खेळणाऱ्यांनी तर पावत्याही जपा. हौशी खेळाडू असल्याचं प्रमाणपत्र याच माहितीवर मिळतं. फॉलमध्ये प्रवेश घेणाऱ्यांनी त्याची अंतिम विनंती १ एप्रिलनंतर करायची असते.
- सिकल सेल ट्रेटचा (लाल रक्तपेशींशी संबंधित आनुवंशिक गुणाचा) रिपोर्ट. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची ही तपासणी जन्मतःच झालेली असते. बालरोगतज्ज्ञांकडून किंवा राज्याच्या आरोग्य खात्याकडून तो निकाल मागवता येतो. भारतात जन्मलेल्यांना साधी रक्ततपासणी पुरते. ऑगस्टमध्ये या एका कागदावाचून मुलं प्रॅक्टिसबाहेर बसलेली मी पाहिली आहेत.
- लसीकरणाची नोंद, आणि रोजची औषधं असतील तर डॉक्टरांचं पत्र. एडीएचडीची औषधं उत्तेजक म्हणून बंदीच्या यादीत येतात. निदान कसं झालं आणि उपचार काय चालू आहेत, याची कागदपत्रं कॉलेजकडे आधीच द्यावी लागतात.
- विम्याचं कार्ड. तुमचा प्लॅन दुसऱ्या राज्यात एमआरआय आणि फिजिकल थेरपीचे पैसे देतो का, हे फोन करून विचारा. कॉलेजचा विमा बहुतेक ठिकाणी तुमच्या विम्यानंतरच लागू होतो.

मुलं एच-४ व्हिसावर (एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असतील तर दोन गोष्टी जास्तीच्या. नाव आणि चेहरा वापरून पैसे मिळवायची मुभा कॉलेज खेळाडूंना १ जुलै २०२१ पासून आहे, पण एच-४ वरच्या मुलांना इथे काम करायची परवानगी नसते. टीममधल्या सगळ्यांनी इन्स्टाग्रामवर जाहिरात केली म्हणून आपणही केली, असं करू नये. आणि एच-४ एकविसाव्या वर्षी संपतो, म्हणजे बहुधा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी, कदाचित भर सीझनमध्ये. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) जायचा अर्ज कधी करायचा हे वकिलाशी आणि कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी पहिल्याच वर्षी बोलून घ्या.

४. कोचशी मुलांनीच बोलायचं

डिव्हिजन वनच्या बहुतेक खेळांत कोच दहावीनंतरच्या १५ जूनपासून मुलांशी थेट बोलू शकतात. त्याआधी मुलांनी ईमेल पाठवला तर चालतो, फक्त उत्तराची वाट बघू नये. ईमेल छोटा असावा: नाव, ग्रॅज्युएशनचं वर्ष, शाळा, जीपीए, खेळातले आकडे, व्हिडिओची लिंक, आणि त्याच कॉलेजबद्दल एक खरं वाक्य. तो मुलांच्याच ईमेलवरून जायला हवा. आईबाबांनी लिहिलेला ईमेल कोचना पहिल्या ओळीत ओळखू येतो.

"तुमच्या मुलाची निवड झाली आहे" असं पत्र येतं आणि खाली कॅम्पची फी असते. अशी पत्रं हजारोंना जातात. पत्रात मुलाच्या एखाद्या मॅचचा किंवा वेळेचा उल्लेख नसेल, तर ती जाहिरात समजा. हजारो डॉलर घेऊन "रिक्रूट करून देतो" म्हणणाऱ्यांचंही तेच. ते जे करतात ते सगळं मुलं रविवारच्या दुपारी बसून करू शकतात.

तोंडी ऑफर कुणालाच बांधत नाही, कोचना नाही आणि तुम्हालाही नाही. पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (त्या कॉलेजलाच येण्याचं सहीचं वचनपत्र) ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. आता मदतीचा लेखी करार होतो. किती पैसे, किती वर्षांसाठी, दुखापत झाली तर काय, हे त्या करारातच वाचा.

ऑफिशियल व्हिजिट म्हणजे कॉलेजच्या खर्चाने साधारण दोन दिवसांची भेट. तिथे कोचपेक्षा टीममधल्या मुलांशी बोलणं महत्त्वाचं, तेही कोच जवळ नसताना. मुलांनी विचारायचे प्रश्न: मागच्या दोन वर्षांत किती जणांनी टीम सोडली? दुखापत झालेल्यांशी कोच कसे वागतात? बाहेरगावच्या स्पर्धांना सगळे जातात की मोजकेच? दुपारी लॅब असलेले विषय कुणी घेतलेत का? या वेळी आपण कॅफेटेरियात जाऊन बसावं.

५. शरीर: खेळच बदलतो, हे आधी कळू द्या

कॉलेजमध्ये त्याच नावाचा वेगळा खेळ असतो. हायस्कूल मुलींची क्रॉस-कंट्री शर्यत ५ किलोमीटरची, कॉलेजला मोठ्या शर्यती ६ च्या. मुलांच्या ५ च्या ८ होतात, आणि डिव्हिजन वनच्या राष्ट्रीय स्पर्धेत १०. ट्रॅकवर ३०० मीटर हर्डल्सच्या जागी ४०० येतात. मुलांची ११० मीटरची हर्डल ३९ इंचांवरून ४२ इंचांवर जाते, गोळा १२ पौंडांवरून १६ वर, थाळी १.६ किलोवरून २ किलोवर. मुलींचा गोळा आणि थाळी मात्र तेवढ्याच वजनाचे राहतात. बास्केटबॉल ३२ मिनिटांवरून ४० वर. हायस्कूल बेसबॉल ७ इनिंगचा, कॉलेजचा ९. टेनिसमध्ये ड्यूसनंतर एकच निर्णायक पॉइंट खेळतात आणि डबल्सचा एकच सेट, त्यामुळे संथ सुरुवात करणाऱ्या मुलांना सावरायला वेळच मिळत नाही.

ही उडी ऑगस्टमध्ये मारायची नसते. मे महिन्यात कोच उन्हाळ्याचा कार्यक्रम पाठवतात. तो जसाच्या तसा करायचा, कमी नको आणि जास्तही नको. "पहिल्याच दिवशी छाप पाडतो" म्हणून उन्हाळ्यात दुप्पट धावणाऱ्या मुली सप्टेंबरमध्ये नडगीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरने पायाला आधार देणारा मेडिकल बूट घालून बसतात. माझ्या मुलीच्या कोचने पहिल्याच फोनवर आठवड्याचे मैल विचारले आणि मग सांगितलं, "दर आठवड्याला थोडे वाढव, चौथ्या आठवड्यात कमी कर, आणि मला लिहून पाठव." ती वही आजही चालू आहे. प्रत्येक दिवसापुढे मैल, झोपेचे तास, आणि कुठे दुखलं ते एका शब्दात.

वेट रूमची तयारी अकरावीपासून करा. स्क्वॅट, डेडलिफ्ट, पुलअप हे हलक्या वजनाने पण अचूक येणं पुरेसं आहे. वजन कॉलेजचे ट्रेनर वाढवतात. चुकीची सवय मोडायला त्यांच्याकडे वेळ नसतो.

खाण्याबद्दल आपल्या घरांत जास्त बोलायला हवं. जोरात ट्रेनिंग करणाऱ्यांना दिवसाला शरीराच्या दर किलोमागे १.४ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या मुलीला ८४ ते १२० ग्रॅम. शाकाहारी मुलांना ते जमतं, पण आपोआप जमत नाही. वरण-भात-भाजीच्या ताटात तेवढी प्रथिनं नसतात, आणि डायनिंग हॉलमध्ये त्यांच्यासाठी कुणी वेगळं शिजवत नाही. बारावीत मुलांना आठवडाभर स्वतःच्या जेवणाचा हिशेब लिहायला लावा. जायच्या आधी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन आणि बी-१२ तपासून घ्या; हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो आणि मग मुलगी नुसती "दमतेय" असं दिसतं.

मुलींची पाळी ट्रेनिंगमध्ये थांबली तर ते फिट असल्याचं लक्षण नाही. खाणं श्रमाला पुरत नाही याचा तो इशारा आहे, आणि हाडांवर परिणाम होतो. लगेच डॉक्टरांकडे जा. हे आई-मुलीत मोकळेपणाने बोललं गेलं पाहिजे, बाबांनीही अवघडून उठून जाऊ नये.

सप्लिमेंट्सबद्दल एकच नियम: कॉलेजच्या ॲथलेटिक ट्रेनरला दाखवल्याशिवाय काहीही घ्यायचं नाही. लेबलवर नसलेला पदार्थ आत निघाला तरी जबाबदारी खेळाडूचीच. ताकदीसाठी घेतल्या जाणाऱ्या बंदीच्या पदार्थांच्या पहिल्याच पॉझिटिव्ह चाचणीला वर्षभर खेळणं बंद होतं. भारतातून प्रेमाने आणलेले चूर्ण आणि भस्मंही याच नियमात बसतात.

६. वेळ: २० तास म्हणजे २० तास नसतात

नियम असा, की सीझनमध्ये आठवड्याला २० तास, दिवसाला जास्तीत जास्त ४, आणि आठवड्यात एक दिवस सुट्टी. सीझन नसताना आठवड्याला ८ तास. पण प्रवास, दुखापतीवरचे उपचार आणि ऐच्छिक सराव यात धरत नाहीत, आणि स्पर्धेचा अख्खा दिवस ३ तासांचा मोजला जातो. सकाळी सहाला वेट्स, नऊ ते दोन वर्ग, तीन ते सहा प्रॅक्टिस, मग बर्फाची टाकी, जेवण, आणि अभ्यासाला बसताना साडेआठ. शुक्रवारी दुपारी बस.

अभ्यासाचीही किमान मर्यादा आहे. पूर्ण वेळ म्हणजे किमान १२ क्रेडिट्स. डिव्हिजन वनमध्ये दुसऱ्या वर्षाआधी २४ क्रेडिट्स, आणि तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्षाआधी पदवीचा ४०, ६०, ८० टक्के भाग पूर्ण हवा. दोन वर्षांनी इंजिनिअरिंग सोडून दुसरीकडे वळणारे इथे अडकतात, कारण जुने क्रेडिट्स नव्या पदवीत बसत नाहीत. इंजिनिअरिंग किंवा प्री-मेड करायचं असेल तर जरूर करा, फक्त पहिल्या सेमिस्टरला लॅबचे दोन विषय एकत्र घेऊ नका.

या दिनक्रमाची रंगीत तालीम बारावीत घरीच होऊ द्या. गजर, कपडे धुणं, डॉक्टरची अपॉइंटमेंट, हुकलेल्या परीक्षेसाठी शिक्षकांना ईमेल: सगळं त्यांचं त्यांनी. झोप ८ तासांच्या खाली जायला लागली तर आधी फोन बाजूला, मग बाकीचं.

७. मन आणि आपलं अंतर

हायस्कूलमध्ये पहिला येणारा मुलगा तिथे पंधरावा असतो, कारण उरलेले चौदाही आपापल्या शाळेत पहिलेच होते. पहिल्या वर्षी खेळायला न मिळणं अगदी नेहमीचं आहे. जाण्याआधीच ठरवून टाका, की फोनवर पहिला प्रश्न "खेळवलं का?" हा नसेल. जेवण, झोप, मित्र, मग खेळ.

कोचना तुम्ही फोन करायचा नाही, खेळायला मिळण्याबद्दल तर कधीच नाही. मुलं सलग काही आठवडे झोपत नसतील, जेवत नसतील, बोलायची बंद झाली असतील, तर मात्र थांबू नका. बहुतेक कॉलेजांत खेळाडूंसाठी समुपदेशक असतात. मुलांना तिथे जायला सांगा आणि गरज वाटली तर गाडी काढून भेटायला जा.

मुलं १८ वर्षांची झाली की डॉक्टर त्यांच्या परवानगीशिवाय तुम्हाला काही सांगू शकत नाहीत, आणि कॉलेजला गेल्यावर ग्रेड्सची माहितीही त्यांच्याच हाती असते. वैद्यकीय माहिती देण्याची परवानगी आणि आणीबाणीत निर्णय घेण्याचं अधिकारपत्र, या दोन्हींवर जाण्याआधी सह्या करून घ्या. गुडघ्याची शस्त्रक्रिया दुसऱ्या टाइम झोनमध्ये होत असताना हे कागद शोधायला वेळ नसतो.

८. शेवटचे दोन महिने

फॉलमधले खेळ खेळणारे इतर विद्यार्थ्यांच्या आधी, ऑगस्टच्या सुरुवातीलाच कॅम्पसवर जातात. भारताची तिकिटं काढताना ही तारीख आधी विचारा. वैद्यकीय तपासणी पहिल्या सरावाच्या आधीच्या ६ महिन्यांतली लागते, त्यामुळे जानेवारीत शाळेसाठी केलेली ऑगस्टमध्ये चालत नाही. जूनची अपॉइंटमेंट एप्रिलमध्येच घ्या, फॉर्म कॉलेजचाच छापून न्या, आणि डॉक्टरांच्या सहीखाली तारीख घातली आहे का ते दवाखान्यातून निघण्याआधी मुलांना तपासायला लावा.